हिरोशिमा-नागासाकीचा फलकसंच: पैसे वसूल, पण दुरुस्तीच्या पट्ट्या आधी छापून ठेवा

६ ऑगस्ट जवळ आला की शाळांतून एकच विचारणा सुरू होते: परिपाठात पाच मिनिटांच्या भाषणापलीकडे काही करता येईल का? छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात शालेय साहित्याच्या दुकानांत 'हिरोशिमा-नागासाकी प्रदर्शन संच' एवढ्याच नावाने जे गाठोडे मिळते, ते अशा वेळी कामाचे आहे. त्यात २ बाय ३ फुटांचे २४ फलक, दोन्ही बाँबच्या प्रतिकृती जोडायचे सामान, वर्तुळे छापलेला ए३ आकाराचा पारदर्शक ताव आणि शंभर रंगीत कागद येतात. फ्लेक्सवरचा संच साडेचार हजारांच्या आत पडतो, सनबोर्डवरचा जवळपास दुप्पट.

आमचे मत आधीच सांगतो. संच घेण्यासारखा आहे. घटनाक्रम आणि विमानांची माहिती यात चांगली आहे, एवढी तपशीलवार मराठीत भिंतीवर टांगायला सहसा मिळत नाही. पण चित्रे, आकडे आणि किरणोत्सर्गाच्या परिणामांचे फलक डोळे झाकून लावू नका. मराठीत वर्षानुवर्षे फिरणाऱ्या बहुतेक ऐकीव गोष्टी इथे सुबक अक्षरांत छापून आल्या आहेत, आणि छापलेले वाक्य मुले आयुष्यभर धरून बसतात.

आधी सामान. सनबोर्डचा मोह टाळा. तीन मिलिमीटरचा सनबोर्ड ऑगस्टच्या दमट हवेत आठवड्यात पोटाशी वाकतो, आणि एसटीतून नेताना कोपरे हमखास मोडतात. फ्लेक्स गुंडाळून खांद्यावर नेता येतो, भिजला तरी पुसता येतो. त्याची अडचण चकाकी. ट्यूबलाइटखाली बाजूने पाहिले तर काळ्या-पांढऱ्या फोटोंत फक्त दिव्याची रेघ दिसते. मागणी देतानाच मॅट छपाई मागा. नाही मिळाली तर फलक खिडकीच्या समोरच्या भिंतीवर न लावता खिडकी असलेल्या भिंतीवर लावा. आयलेट, म्हणजे टांगायच्या कड्या, फक्त वरच्या कडेला आहेत, त्यामुळे वाऱ्याने खालची कड वर वळते. खालून कामटी किंवा अर्ध्या इंची पाइपचा तुकडा शिवून घेतला की फलक ताठ राहतो. दोन फलकांत अर्धा फूट मोकळे सोडले तर २४ फलकांना साठ फूट भिंत लागते. तेवढा सलग व्हरांडा नसेल तर पहिले १४ फलक ६ ऑगस्टला आणि उरलेले दहा ९ ऑगस्टला, नागासाकीच्या दिवशी लावा. विषयही नेमका तिथेच तुटतो, आणि ३५ मिनिटांच्या तासात २४ फलक वाचून होत नाहीतच. आठवी-नववीसाठी फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा. मजकुराचे अक्षर बारीक आहे, पाच फुटांवरून डोळे ताणावे लागतात. म्हणून एका वेळी वीसच मुले सोडा.

आता आतला मजकूर.

मुखपृष्ठाचा पहिलाच फलक चुकला आहे. हिरोशिमा म्हणून जो प्रचंड ढग छापला आहे, तो १९४६ सालच्या २५ जुलैचा आहे: बिकिनी बेटांजवळ अमेरिकेने पाण्याखाली केलेल्या 'बेकर' चाचणीचा. ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ढगाच्या बुडाशी जहाजांच्या काळ्या आकृत्या आहेत, खांब धुराचा नसून पाण्याचा आहे. हिरोशिमावर जहाजांचा तांडा नव्हता. याचाच भाऊ फलक १३ वर आहे. उंच, गोल डोक्याचा, सगळ्या जगाला पाठ असलेला तो ढग नागासाकीचा आहे, आणि खाली नाव हिरोशिमाचे. हिरोशिमाचा खरा ढग बाँब टाकणाऱ्या 'एनोला गे' या विमानाच्या शेपटीकडच्या तोफचीने, जॉर्ज कॅरनने, टिपला. तो इतका देखणा नाही, म्हणून छापणारे नागासाकीचा उचलतात. मुखपृष्ठावर पट्टी लावून भागणार नाही, त्यावर दुसरा फोटोच चिकटवा. फलक १३ ची ओळ मात्र पट्टीने बदलता येते.

संचात जे फोटो नाहीत त्यांची खंत जास्त आहे. त्या दिवशी खुद्द हिरोशिमात जमिनीवरून फोटो काढणारा माणूस होता: योशितो मात्सुशिगे, स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार. त्याची पाचच छायाचित्रे उरली. त्यांतली पहिली दोन मियुकी पुलाजवळची, स्फोटाच्या केंद्रापासून दोन-सव्वादोन किलोमीटरवरची आहेत. नागासाकीत योसुके यामाहाताने १० ऑगस्टला शंभरावर फोटो काढले. संचात मात्र आभाळातून काढलेल्या ढगांचे पाच फोटो आणि माणसांचा एक, हे प्रमाण कोणी ठरवले असेल कोण जाणे. ढग बाँब टाकणाऱ्यांना जसा दिसला तसा आहे. खाली काय झाले ते मात्सुशिगेच्या फोटोंत आहे.

दुसरा फलक आइन्स्टाइनचा. 'अणुबाँबचा जनक' हे शीर्षक काढून टाका. २ ऑगस्ट १९३९ ही तारीख असलेले अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेले, अशा बाँबच्या शक्यतेकडे लक्ष वेधणारे पत्र शास्त्रज्ञ लिओ झिलार्डच्या पुढाकाराने तयार झाले, आइन्स्टाइनने सही केली. अणुबाँब बनवण्याच्या अमेरिकी 'मॅनहॅटन प्रकल्पा'त त्याला घेतलेच नव्हते. तिसरा फलक उत्तम: ओक रिजला युरेनियम वेगळे करणे, हॅनफर्डला प्लुटोनियम बनवणे, लॉस अलामॉसला आराखडा, वर लष्करी प्रमुख लेस्ली ग्रोव्ह्ज, आणि एकूण खर्च सुमारे दोन अब्ज डॉलर. बरेचसे खनिज बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतून आले, हेही आवर्जून दिले आहे. नकाशासकट हा फलक भूगोलाच्या शिक्षकांनाही वापरता येईल.

चौथ्यावर थांबा. 'हिरोशिमावर टाकलेल्या बाँबची चाचणी १६ जुलै १९४५ रोजी झाली' असे ठळक अक्षरांत आहे. तारीख बरोबर, वाक्य चूक. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहाटे साडेपाचला झालेल्या ट्रिनिटी चाचणीत प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी दाबणारी रचना तपासली. ती नागासाकीच्या बाँबची. हिरोशिमाचा युरेनियमचा बाँब आधी कधीच फोडून पाहिला नव्हता. दोन तुकडे नळीतून एकमेकांवर आदळवण्याची त्याची पद्धत इतकी सरळ होती की शास्त्रज्ञांना चाचणीची गरज वाटली नाही, आणि तेवढे युरेनियम दुसऱ्या बाँबपुरते शिल्लकही नव्हते. हे एक वाक्य सुधारले नाही तर पुढे दोन बाँब वेगळे का होते हे मुलांना समजणारच नाही.

पाचवा फलक गीतेचा, आणि हमखास गर्दी इथेच होते. ट्रिनिटीचा स्फोट पाहून लॉस अलामॉसचा प्रमुख ओपेनहायमर याने अकराव्या अध्यायातला 'कालोऽस्मि' हा श्लोक मोठ्याने म्हटला, असे चित्रासह दाखवले आहे. त्या ओळी तेव्हा मनात आल्या असे त्याने पुढे सांगितले. १९६५ सालची त्याची दूरचित्रवाणीवरची मुलाखत त्यासाठीच प्रसिद्ध आहे. शेजारी असलेल्या भावाच्या, फ्रँकच्या, आठवणीप्रमाणे तोंडून निघाले ते 'जमलं' एवढेच. संस्कृत तो बर्कलीला आर्थर रायडर यांच्याकडे शिकला होता, हे मात्र फलकावर बरोबर आहे. 'म्हटला'च्या जागी 'आठवला' अशी पट्टी लावा, काम भागते.

लक्ष्य-निवडीचा सहावा फलक संचातला सर्वांत विचारपूर्वक केलेला. २५ जुलैच्या आदेशातली चार शहरे, हिरोशिमा, कोकुरा, निइगाता आणि नागासाकी, क्रमाने दिली आहेत. क्योटो यादीतून युद्धमंत्री स्टिमसनने हट्टाने काढले. कारणे राजकीय आणि सांस्कृतिक होती, आणि त्याने १९२०च्या दशकात ते शहर पाहिलेले होते. त्याने क्योटोत मधुचंद्र केला होता ही लोकप्रिय कहाणी इथे नाही, याबद्दल संपादकांचे कौतुक. एक उणीव आहे. नागासाकी सोडून ही शहरे तोवर नेहमीच्या बाँबफेकीतून राखून ठेवली होती, म्हणजे नव्या अस्त्राचा परिणाम स्वच्छ मोजता येईल, हे लिहायला हवे होते. त्याच्याशेजारी ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर टाकलेल्या आगलाव्या बाँबनी सुमारे एक लाख माणसे मारली, हीही ओळ हवी. नाहीतर मुलांचा समज होतो की शहरे जाळणे ६ ऑगस्टलाच सुरू झाले.

आठवा फलक आणि प्रतिकृती एकत्र पाहायला हव्यात. मापे बरोबर आहेत. हिरोशिमाचा बाँब 'लिटल बॉय' ३ मीटर लांब, ७१ सेंटिमीटर जाड, सुमारे ४४०० किलो. नागासाकीचा 'फॅट मॅन' सव्वातीन मीटर लांब, दीड मीटर जाड, सुमारे ४६७० किलो. पहिल्यात ६४ किलो युरेनियम, दुसऱ्यात सव्वासहा किलोच्या आत प्लुटोनियम. घोळ पुढच्या ओळीत आहे: '६४ किलो युरेनियमचे रूपांतर ऊर्जेत झाले.' विज्ञानाच्या शिक्षकांनी ही ओळ खोडलीच पाहिजे. ६४ किलोपैकी एक किलोहूनही कमी युरेनियमचे विखंडन झाले, म्हणजे अणू फुटले, बाकीचे नुसते उधळले गेले. आणि ऊर्जेत बदललेले वस्तुमान एक ग्रॅमसुद्धा नव्हते. पडताळा फळ्यावर करून दाखवता येतो: बाँबची ऊर्जा १५ हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी, म्हणजे साधारण ६.३ गुणिले १० चा १३ वा घात इतके ज्यूल. त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने, म्हणजे ९ गुणिले १० च्या १६ व्या घाताने भागा. उत्तर ०.७ ग्रॅम. दहावीच्या मुलांना हे गणित दिले की वर्ग गप्प होतो.

याच फलकावर हिरोशिमाच्या बाँबची ताकद '२० हजार टन' आहे. हा आकडा ६ ऑगस्टच्या अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या निवेदनातून आला आणि पुस्तकांत चिकटला. नंतरच्या मोजणीत हिरोशिमा सुमारे १५ हजार टन, नागासाकी सुमारे २१ हजार टन असे ठरले. दहा टनी पंधराशे ट्रक एकामागे एक उभे करा, तेवढा टीएनटी हिरोशिमाच्या वाट्याला.

प्रतिकृती एकास दहा प्रमाणात आहेत, म्हणजे लिटल बॉय ३० सेंटिमीटर आणि फॅट मॅन साधारण ३३. सांगाडा तीन मिलिमीटर एमडीएफचा, वरून जाड कागद. पावसाळ्यात एमडीएफ फुगते आणि खाचा बसत नाहीत. हातोडी मारू नका, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खाच दोन-तीनदा घासा. फेविकॉल लावल्यावर एक रात्र दोऱ्याने बांधून ठेवा. दमट हवेत दोन तासांत वाळल्यासारखे वाटते, पण शेपटीचे पंख सकाळी निखळलेले असतात. फॅट मॅनला रंग हिरवा दिला आहे. तो मोहरीसारखा पिवळा होता, सांध्यांवर काळा लेप. रंग बदला. आणि प्रतिकृती हातात खेळवायला देऊ नका, छताला टांगा. ट्रकएवढे अवजड काहीतरी असेल अशी जी कल्पना असते ती तीन मीटरच्या मापाने मोडते, हा तिचा खरा उपयोग.

नववा फलक संचाचा कळस. ६ ऑगस्टच्या सकाळचे वेळापत्रक यात मिनिटांसह आहे. पहाटे पावणेतीनला पॉल टिबेट्सच्या एनोला गेने पॅसिफिकमधल्या तिनियन बेटावरून उड्डाण केले. बाँबमधला दारूचा भाग उड्डाणानंतर कॅप्टन पार्सन्सने विमानातच भरला, कारण धावपट्टीवर विमान कोसळले असते तर बेटच उडाले असते. हवामान पाहायला पुढे गेलेले विमान दिसल्याने हिरोशिमात ७ वाजून ९ मिनिटांनी भोंगा वाजला, आणि ७:३१ ला धोका टळल्याचा. म्हणूनच सव्वाआठला लोक रस्त्यावर, कामावर, मैदानात होते. हजारो शाळकरी मुले घरे पाडून आगरोधक पट्टे मोकळे करण्याच्या कामाला लावली होती. बारा-तेरा वर्षांची, म्हणजे हा फलक वाचणाऱ्या सातवी-आठवीच्या वयाची. बाँब आइओई पुलावर नेम धरून सोडला. सुमारे ४३ सेकंद पडून तो शिमा रुग्णालयावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला.

यात वेळेचा एक गोंधळ आहे. एका ओळीत ८:१५, दुसरीत ९:१५. दोन्ही बरोबर. तिनियनचे घड्याळ जपानपेक्षा एक तास पुढे होते. कंसात तेवढे लिहून टाका. तळाशी 'भारतात पहाटे पावणेपाच' आहे, ते आजच्या घड्याळाने. युद्धकाळात ब्रिटिश हिंदुस्थानातली घड्याळे तासभर पुढे केलेली होती. चित्रकाराने मात्र जमिनीत भलामोठा खड्डा काढला आहे. तो पुसा. बाँब मुद्दाम उंचावर फोडला, म्हणजे दाबाची लाट जास्तीत जास्त भागावर पसरावी. त्यामुळे खड्डा पडला नाही. आणि केंद्रापासून १६० मीटरवरच्या, १९१५ साली बांधलेल्या इमारतीचा घुमट उभा राहिला तोही काही अंशी यामुळेच, कारण लाट जवळजवळ सरळ वरून आली.

अकराव्यावर तो प्रसिद्ध 'वेडा झालेला वैमानिक'. मराठी व्याख्यानांत ही कथा फार लाडकी. बाँब टाकणारा वैमानिक पश्चात्तापाने वेडा झाला, असे त्यात म्हणतात. पुढे मानसिक उपचार घ्यावे लागले ते क्लॉड इथर्ली यांना. ते हवामान पाहणाऱ्या 'स्ट्रेट फ्लश'चे वैमानिक होते. बाँब त्यांनी टाकला नाही. टिबेट्स २००७ पर्यंत जगला आणि आपल्याला खंत नाही असेच सांगत राहिला. नीतिकथेसाठी हे गैरसोयीचे आहे, पण फलक बदलायलाच हवा.

चौदाव्या फलकावरची 'दगडात अडकलेली सावली' बँकेच्या पायऱ्यांची आहे, केंद्रापासून २६० मीटरवरची. मजकूर म्हणतो, माणसाची वाफ झाली आणि सावली उरली. प्रत्यक्षात उष्णतेच्या झोताने भोवतीचा दगड पांढुरका झाला. माणसाच्या आडोशाला असलेला भाग मूळ रंगाचा राहिला. केंद्राखाली जमिनीचे तापमान तीन ते चार हजार अंश सेल्सिअस गेले होते, पण क्षणभरच. त्यात कातडी आणि कपडे जळतात, अख्खा देह वाफ होऊन नाहीसा होत नाही. तेरा आणि चौदा या दोन फलकांवर भाजलेल्या माणसांची चित्रे आहेत. पाचवीपर्यंतच्या मुलांच्या वाटेत ती टांगू नका, आतल्या खोलीत ठेवा.

नागासाकीचे फलक (१५ ते १८) कमी सजवलेले पण जास्त विश्वासार्ह. मोहीम ११ ऑगस्टला ठरली होती, हवामान बिघडणार म्हणून ९ ला ओढली. 'बॉक्सकार' या विमानाचे लक्ष्य कोकुरा होते. ढग आणि धूर यांमुळे तीन फेऱ्या मारूनही नेम धरता आला नाही. राखीव टाकीचा पंप बिघडल्याने इंधनही पुरेसे हाती नव्हते. मग नागासाकी. ११ वाजून २ मिनिटांनी बाँब नेमापासून सुमारे तीन किलोमीटर दूर, उराकामी खोऱ्यावर फुटला. विमान टाक्या जवळजवळ कोरड्या ठेवून ओकिनावाला उतरले. फलकात फक्त 'धुके' लिहिले आहे, तिथे 'ढग आणि धूर' करा. आदल्या दिवशी कोकुराशेजारच्या याहातावर आगलावे बाँब पडले होते. आणखी एक भर घाला: दुसऱ्या बाँबसाठी ट्रुमनचा वेगळा हुकूम निघाला नाही. २५ जुलैच्याच आदेशात पुढचे बाँब तयार होतील तसे टाकावेत असे होते. १० ऑगस्टला मात्र त्यांनी आपल्या परवानगीशिवाय तिसरा टाकू नये म्हणून थांबवले.

मृतांचा फलक १९ वा. 'एका क्षणात दोन लाख ठार.' हे असेच राहू देऊ नका. हिरोशिमात १९४५ अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार, नागासाकीत सुमारे ७४ हजार; यांत जखमा, भाजणे आणि किरणोत्सर्गाचा आजार यांनी आठवड्यांनी, महिन्यांनी गेलेलेही आहेत. अमेरिकी सर्वेक्षणाचा सुरुवातीचा अंदाज याहून बराच कमी होता, हिरोशिमात ७० ते ८० हजार. फरकाचे कारण साधे आहे: नोंदवह्या जळाल्या, आणि सैनिक, कोरियन मजूर, बाहेरून कामाला आणलेली मुले मोजणीत नीट धरली गेली नाहीत. हिरोशिमाच्या स्मारकातल्या नावांची संख्या आता तीन लाखांवर आहे. त्यात नंतर कधीही, कोणत्याही कारणाने वारलेले बाँबपीडित येतात. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, हे फलकावर तीन ओळींत मांडता येते.

सर्वांत जास्त काट मारावी लागेल ती एकविसाव्यावर. 'आजही तेथे गवत उगवत नाही, आजही अपंग मुले जन्मतात.' हिरोशिमा आज दहा लाखांहून अधिक वस्तीचे हिरवे शहर आहे. ७५ वर्षे काही उगवणार नाही ही १९४५ ची अफवा होती. कण्हेर लवकर फुलली, ती पुढे शहराचे फूल ठरली, आणि ट्राम तर ९ ऑगस्टलाच एका छोट्या टप्प्यावर धावली. बाँब उंचावर फुटल्याने किरणोत्सारी धूळ जमिनीत फारशी मिसळली नाही. किरणोत्सारी राख मिसळलेला काळा पाऊस पडला त्या भागांत मात्र धोका होता. १९४७ पासून चाललेल्या पाहणीत रक्ताचा कर्करोग आधी, इतर कर्करोग बऱ्याच वर्षांनी वाढलेले दिसले. गर्भात असताना, विशेषतः आठ ते पंधरा आठवड्यांच्या गर्भाला मारा बसला असेल, तर डोके लहान राहणे आणि मतिमंदत्व आढळले. पण पुढे बाँबपीडितांच्या पोटी राहिलेल्या मुलांत जन्मजात दोष वाढल्याचे या पाहणीत सिद्ध झाले नाही. हे सांगणे म्हणजे बाँबचे गुन्हे कमी करणे नव्हे. या अफवेमुळेच वाचलेल्यांची लग्ने मोडली. कण्हेरीच्या फांद्या सजावटीला आणत असाल तर तिचा चीक आणि पाने विषारी आहेत, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

बरे होण्याच्या आशेने हजार कागदी बगळे करू पाहणाऱ्या सादाको या आजारी मुलीचा फलक (२२) बगळ्यांसह येतो. ६४४ बगळे झाले आणि मृत्यू आला, उरलेले मैत्रिणींनी पूर्ण केले, ही कथारूप आवृत्ती आहे. हिरोशिमाच्या संग्रहालयाप्रमाणे तिने हजार ओलांडले होते. बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, २५ ऑक्टोबर १९५५ ला बाराव्या वर्षी गेली, मुलांचे स्मारक ५ मे १९५८ चे. संचातले रंगीत कागद टाकाऊ आहेत: चौकोनी म्हणतात, पण एक बाजू काही मिलिमीटर आखूड. कर्णावर दुमडून पाहा, टोके जुळत नाहीत आणि बगळ्याची चोच तिरकी येते. त्याऐवजी घोटीव कागदाचा २० बाय ३० इंची ताव घ्या, १५ सेंटिमीटरचे १५ चौकोन निघतात. कटर आणि स्टीलची पट्टी वापरा, कात्रीने कापू नका.

पारदर्शक ताव कल्पक आहे पण अर्धवट. त्यावर अर्धा, एक, दोन, तीन किलोमीटरची वर्तुळे आहेत. आपल्या गावाच्या नकाशावर ठेवून पाहायचे. प्रमाण कुठेच छापलेले नाही. दोन किलोमीटरच्या वर्तुळाची त्रिज्या आठ सेंटिमीटर भरते, म्हणजे एकास पंचवीस हजार. तुमचा नकाशा त्याच प्रमाणात हवा. झेरॉक्सवाल्याला 'पानात बसव' नव्हे, 'शंभर टक्के' सांगा आणि नकाशावरची प्रमाणपट्टी मोजून खात्री करा. केंद्र शाळेवर ठेवू नका, लहान मुले घाबरतात. लातूरची गंजगोलाई किंवा संभाजीनगरचा क्रांती चौक ठेवा. हिरोशिमात साधारण १३ चौरस किलोमीटर भाग नष्ट झाला, म्हणजे दोन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाएवढा. पण ही वर्तुळे सपाट गावापुरतीच खरी. हिरोशिमा नद्यांच्या मुखाशी सपाटीवर आहे. नागासाकीत बाँब जास्त ताकदीचा असूनही डोंगरांनी लाट अडवल्याने उद्ध्वस्त भाग कमी राहिला. लातूर-परभणीच्या नकाशावर वर्तुळ चालेल, डोंगरांत वसलेल्या गावावर ते फसवे आहे.

तेविसावा फलक युद्धाच्या शेवटाचा. 'दोन बाँबनंतर जपान शरण आला' इतकेच. जपानला शरण येण्याचा इशारा देणारा २६ जुलैचा पॉट्सडॅम जाहीरनामा आहे, पण ८ ऑगस्टची सोव्हिएत युद्धघोषणा आणि ९ च्या पहाटेचा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियावरचा हल्ला गायब. त्याच दिवशी टोकियोत सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आली; तरीही मंडळाचे सहा जण शरणागतीच्या अटींवर तीन-तीन असे विभागलेले राहिले, आणि मध्यरात्रीनंतर सम्राटाने निर्णय दिला. १५ ऑगस्टला नभोवाणीवरचे भाषण, २ सप्टेंबरला मिसुरी या अमेरिकी जहाजावर शरणागतीच्या सह्या. बाँब की रशिया, यावर इतिहासकार आजही भांडतात. फलकाने निदान दोन्ही तारखा शेजारी ठेवायला हव्या होत्या.

चोविसावा पोखरणचा आहे. १९७४ आणि १९९८, रॉकेटे, तिरंगा. इथे त्याचे काय काम, हे समजले नाही. त्या जागी बाँबपीडितांची निहोन हिदान्क्यो ही १९५६ साली स्थापन झालेली संघटना आणि तिला २०२४ चे शांततेचे नोबेल, एवढे लिहून लावले तर संच पुरा होतो.

दुरुस्तीसाठी पांढऱ्या स्टिकर पेपरवर पट्ट्या छापा. फ्लेक्सवर साधा कागद फेविकॉलने बसत नाही, दुसऱ्या दिवशी सुटतो. फॉन्ट मूळ मजकुराहून एक माप मोठा घ्या. परदेशी नावे संचात तीन-तीन प्रकारे लिहिली आहेत (तिनियन, टिनियान, टायनियन), तीही या निमित्ताने एकसारखी करता येतील. मागणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्या. शेवटच्या आठवड्यात छपाईवाले पंधरा ऑगस्टच्या बॅनरांत अडकतात आणि मॅटऐवजी चकचकीत फ्लेक्स गळ्यात मारतात. १० ऑगस्टला उतरवल्यावर फलक घडी न घालता, छपाई बाहेरच्या बाजूला ठेवून पाइपवर गुंडाळा आणि आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा. ओले गुंडाळलेले फ्लेक्स एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई निघते.